निवांत असलं की तुटतं

तो गुरुवार होता, आणि लक्षात ठेवावं असं त्यात काही नव्हतं. आई नेहमीप्रमाणे माझ्याआधी तयार होऊन दारात उभी होती. एका हातात माझी बॅग, दुसऱ्या हातात तिचा डबा. बाबांना ती सांगत होती, की गॅसवरचं दूध कोणी उतरवल्याशिवाय उतरत नाही.

बाबा वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "तुझ्या सर्व्हरला सांग हे. तो ऐकतो तुझं."

"तोही नाही ऐकत हल्ली. घरचं वळण लागलंय त्याला."

आम्ही दोघी एकाच रुग्णालयाच्या संगणक विभागात होतो. आई तिथे आली तेव्हा यंत्रं कपाटाएवढी होती. ती आकसत गेली आणि आईचा आवाज वाढत गेला. मी बऱ्याच वर्षांनी लागले. माझ्या मुलाखतीच्या दिवशी ती मुद्दाम रजेवर होती, पण कोणता प्रश्न मी चुकवला हे तिला संध्याकाळपर्यंत कळलं, आणि जेवण होईपर्यंत तिने मला त्यावरून सोलून काढलं. नोकरी लागली याचा आनंद दुसऱ्या दिवशी झाला.

गेले काही आठवडे तिला एकाच गोष्टीनं पछाडलं होतं. प्रयोगशाळेत रक्त तपासलं की निकाल तिथल्या सर्व्हरवर येतो आणि तिथून वॉर्डांच्या सर्व्हरकडे जातो. दोन्ही युनिक्स ह्या जुन्या संगणक-प्रणालीवर चालणारे, वयस्क पण खणखणीत. त्यांच्यात सकाळी एक कनेक्शन जोडलं जातं आणि दिवसभर तेच वापरलं जातं. ते ज्या पोर्टमधून जातं तो म्हणजे सर्व्हरच्या भिंतीतला नंबर घातलेला दरवाजा. दोघांच्या मध्ये फायरवॉल, म्हणजे जाणाऱ्या-येणाऱ्याला हटकणारा दरवान. सर्व्हर आईचे. दरवान वरच्या मजल्यावरच्या नेटवर्क विभागाचा.

हे कनेक्शन मधूनच तुटत होतं, आणि तुटल्याचं दोन्हीपैकी एकाही सर्व्हरला कळत नव्हतं. प्रयोगशाळेचा सर्व्हर निकाल पाठवायचा, उत्तर नाही. पुन्हा पाठवायचा, उत्तर नाही. असं पाव तास केल्यावर तो हात टेकायचा आणि नवं कनेक्शन जोडायचा. तेवढ्या वेळात वॉर्डातल्या सिस्टरचे तीन फोन येऊन गेलेले असायचे.

नेटवर्क विभागाच्या प्रमुखांना आमच्याकडे सगळे ओकेसाहेब म्हणत, कारण कुठलीही तक्रार नेली तरी त्यांचं उत्तर ठरलेलं असे: आमच्याकडून ओके आहे. ते आईला अर्जंटबाई म्हणत. दोघांनाही आपापलं टोपणनाव ठाऊक होतं आणि दोघंही ते मिरवत. त्या गुरुवारी दुपारी आईने फोन स्पीकरवर टाकला. सगळ्या विभागाने ऐकावं असं वाटलं की ती तसं करायची.

"मॅडम, पोर्ट उघडा आहे. मी आत्ता करून बघितलं. लगेच लागलं."

"लागणारच. तुम्ही नवीन कनेक्शन लावताय. नव्याला कोण अडवतंय?"

"मग तक्रार काय आहे?"

"तक्रार ही आहे, की पाहुणा घरात आलाय, बसलाय. तो तासभर गप्प राहिला की तुमचा दरवान त्याला मागच्या दारानं घालवून देतो. वर घरच्यांना सांगतही नाही. घरचे बिचारे रिकाम्या खुर्चीशी बोलत बसतात."

"पण पाहुणा तासभर गप्प का बसतो?"

"जेवण झालंय त्याचं!"

विभाग हसला. पलीकडे ओकेसाहेबही हसले असावेत, पण त्यांनी लगेच आवाज कोरडा केला. "तुमची ती स्क्रिप्ट सारखं दार वाजवत असते, आधी ती बंद करा. सगळा त्रास तिचाच आहे. आमच्याकडून ओके आहे."

ती स्क्रिप्ट म्हणजे आईने लिहिलेल्या चार ओळी. दर थोड्या वेळाने त्या पोर्टवर एक टिचकी मारायची आणि दार उघडं होतं की बंद, याची नोंद ठेवायची. पोर्ट कधीच बंद नव्हता, हे सिद्ध करण्यासाठीच तिने ती लावली होती. दुखणं कुठे आहे ते तिच्या फार आधी लक्षात आलं होतं. सकाळच्या गर्दीत कधी काही होत नसे. जेवणानंतर सुई टोचायला कोणी नसतं, तासभर एकही निकाल जात नाही, आणि मग जो पहिला निकाल निघतो तो अडकतो. रविवारी जास्त. "गर्दीत टिकतं, निवांत असलं की तुटतं," ती म्हणायची. "ह्याचा अर्थ एकच. कोणीतरी घड्याळ लावून बसलंय."

गप्प बसलेल्या पाहुण्याला अधूनमधून 'आहेस ना?' असं विचारायची सोय युनिक्समध्ये असते, पण ती प्रोग्रॅमने मागून घ्यावी लागते. प्रयोगशाळेचा प्रोग्रॅम बाहेरून घेतलेला. त्यात ती मागितलेलीच नव्हती. आईने त्या विक्रेत्यालाही धारेवर धरलं. 'पुढच्या आवृत्तीत बघू' असं उत्तर आलं. राहिला दरवान. त्याचं घड्याळ वाढवणं हे दोन मिनिटांचं काम होतं आणि ते वरच्या मजल्यावर होतं.

संध्याकाळी ती स्वतः वर गेली. फायरवॉल प्रत्यक्षात सांभाळणारी बाई आईपेक्षा थोडी लहान, शांत. तिला सगळे ताई म्हणत. आई खाली आली तेव्हा कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"ताईला पटलं," घरी जाताना ती म्हणाली. "पण साहेबांना विचारल्याशिवाय ती पाणी पीत नाही. उद्या पुन्हा जाते."

"आई, उद्या लेखी दे फक्त. जाऊ नकोस."

"लेखी दिलं की फाइलला पाय फुटत नाहीत, मुळ्या फुटतात. मी जाते."

मग ती कोपऱ्यावरच्या दुकानात चपलेचा अंगठा शिवून घ्यायला थांबली. दुकानदाराशी टाक्यांवरून वाद घातला, मी हरलेल्या माणसासारखी बाजूला उभी राहिले. एवढाच तो दिवस.

शुक्रवारी सकाळी चप्पल घालायला ती खाली वाकली ती वर आली नाही. मेंदूत रक्तस्राव, डॉक्टर म्हणाले. वेळ लागला नसेल, असंही म्हणाले.

*

ओकेसाहेब भेटायला आले होते. आमच्या घरी बाबांच्या खुर्चीसमोर बसून, गुडघ्यांवर हात ठेवून म्हणाले, "फार मोठी पोकळी निर्माण झाली." बाबांनी मान डोलावली. मी त्यांना दारापर्यंत सोडायला गेले. त्या क्षणी त्यांच्याबद्दल माझ्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला मुद्दाम नोंदवायचं आहे.

मी कामावर परत गेले तेव्हा पहिलं कळलं ते हे, की आईचं अकाउंट शुक्रवारी दुपारीच बंद केलं गेलं होतं. सुरक्षेचा नियम. आम्ही तेव्हा तिला अजून घरीही आणलं नव्हतं. अकाउंट बंद झाल्यावर तिच्या नावावर चालणारी स्क्रिप्टही थांबली, ते ओघानेच आलं. दुसरं कळलं ते असं, की शुक्रवारपासून कनेक्शन एकदाही तुटलं नव्हतं. आणि तिसरी गोष्ट माझ्या टेबलावर ठेवलेली होती.

आई जाण्याच्या थोडं आधी चौथ्या वॉर्डातल्या एका रुग्णाच्या पोटॅशियमचा निकाल अडकला होता. डॉक्टर जागरूक होते, त्यांनी प्रयोगशाळेत माणूस धाडला आणि आकडा तोंडी आणवला. रुग्ण बरा होऊन घरी गेला. पण चौकशी लागली, आणि नेटवर्क विभागाने अहवाल दिला. त्यातलं वाक्य असं: 'सदर अडथळ्याचे कारण दिवंगत कर्मचाऱ्याने विनापरवाना चालवलेली स्क्रिप्ट हे असून, स्क्रिप्ट बंद झाल्यापासून अडथळा आलेला नाही.' हा अहवाल अधीक्षकांच्या बैठकीत मंजूर होऊन सगळ्या वॉर्डांना जाणार होता.

मी तो कागद दोनदा वाचला. मी आयुष्यात बरंच वाचलं आहे आणि वाईट गद्याने मला सहसा राग येत नाही. ह्या गद्याने आला. पोकळीबद्दल बोलून गेलेला माणूस त्याच आठवड्यात बसून हे टंकत होता. आणि किती सोयीचं होतं ते! ज्या बाईने दुखणं शोधलं, तीच दुखण्याचं कारण. ती गेली, दुखणं गेलं. उलट बोलायला ती येणार नव्हती.

घरी बाबांना सांगितलं. बाबा नकाशे काढायचे, सरकारी भूमापन खात्यात; निवृत्त झाल्यापासून मतंसुद्धा पेन्सिलीने लिहिल्यासारखी मांडतात.

"जाऊ दे ना," ते म्हणाले. "ती आता कुठे वाचायला येणार आहे? लिहिणाऱ्याचा हात धरता येत नाही."

"ऐका तरी काय लिहिलंय ते."

मी वाचून दाखवलं. 'रुग्णाच्या जिवास संभाव्य धोका' इथपर्यंत आले आणि बाबा उठले. ओट्यावर पालथा घातलेला, धुतलेला कप त्यांनी उचलला आणि पुन्हा धुवायला घेतला. बराच वेळ धुतला.

"तिने कुणाच्या जिवाला…" ते नळाकडे बघत म्हणाले. "त्या निकालांपायी ती जेवता जेवता उठायची गं."

"हो बाबा."

"मग हे राहता कामा नये."

*

एक गोष्ट सांगायला हवी. आई चुकत असे. एकदा तिने नेटवर्कचा स्विच बिघडलाय म्हणून सगळा मजला डोक्यावर घेतला होता आणि शेवटी तिच्याच रॅकमागची वायर सैल निघाली. तेव्हा 'वायर सैल झाली' असं तिने जाहीर केलं, जणू वायरने ते परस्पर ठरवलं होतं. त्यामुळे तिचं बरोबर असणारच, असं धरून मी चालले नाही. मला तिची बाजू लढवायची नव्हती. मला खरं काय ते हवं होतं, आणि ते हवं असण्याइतकी मी चिडलेली होते.

पहिलं काम सोपं होतं. बॅकअपमधून आईची स्क्रिप्ट काढली, एक अक्षर न बदलता माझ्या नावाने तिथेच सुरू केली, आणि आमच्या विभागप्रमुखांना तसं कळवलं. त्यांनी 'तुझ्या जबाबदारीवर' असं उत्तर दिलं. त्यांचं सगळं आयुष्य दुसऱ्याच्या जबाबदारीवर गेलं आहे. स्क्रिप्ट टिचक्या मारत राहिली. दुपारची शांतता झाली, रविवार झाला. कनेक्शन तुटलं नाही. म्हणजे स्क्रिप्टचा काही संबंध नव्हता.

पण मग आपोआप थांबलं कसं? यंत्रातलं दुखणं श्रद्धांजली म्हणून थांबत नाही. कोणीतरी काहीतरी बदललं होतं. मी वर फोन केला.

"आम्ही काहीच बदललेलं नाही," ओकेसाहेब म्हणाले.

"फायरवॉलमधली वेळमर्यादा?"

"काहीच नाही म्हटलं ना. आणि हे बघा, तुम्ही सध्या ज्या मनःस्थितीत आहात, त्यात थोडे दिवस रजा घेतलीत तरी…"

"माझी मनःस्थिती कनेक्शन तोडत नाही साहेब. जोडतही नाही."

"अर्जंटबाईंची लेक शोभता," ते म्हणाले आणि फोन ठेवला. एरवी मला ते आवडलं असतं.

दुसरं काम जरा विचाराचं होतं. त्याच फायरवॉलमधून औषधभांडाराचा सर्व्हरही वॉर्डांच्या सर्व्हरशी बोलतो, पण त्याची प्रत्येक मागणी नव्या कनेक्शनवर जाते. तिथे कोणाची तक्रार नव्हती, म्हणून तिथलं घड्याळ कोणी वाढवण्याचंही कारण नव्हतं. मी भांडारातून हाताने एक कनेक्शन जोडलं आणि तासाहून थोडं जास्त त्याला गप्प बसवलं. मग एक ओळ टाइप केली. दोन्ही टोकांना काय निघतं आणि काय पोचतं, ते बघत होते. ह्या टोकाहून पॅकेट, म्हणजे त्या ओळीचं पुडकं, निघालं. त्या टोकाला काहीच आलं नाही. पुन्हा निघालं. पुन्हा काही नाही. 'नाही' म्हणून उत्तर नाही, 'तुटलं' म्हणून निरोप नाही. मध्ये फक्त दरवान.

मग तसंच कनेक्शन प्रयोगशाळेच्या सर्व्हरवरून जोडलं आणि त्याला अख्खी दुपार गप्प ठेवलं. ओळ टाइप केली. पापणी लवायच्या आत पोचली.

एकाच दरवानाची दोन घड्याळं. एक जुनं, एक नवं. आई म्हणत होती तसंच, अगदी तसंच. मी खुर्चीत मागे टेकले आणि शेजारच्या टेबलाकडे वळून हे सांगायला तोंड उघडलं. शेजारच्या टेबलावर आता प्रिंटर ठेवला होता.

*

बैठक अधीक्षकांच्या खोलीत होती. अधीक्षक शस्त्रक्रिया करणारे, घाईतले. यंत्रांविषयी त्यांना एवढंच कळून घ्यायचं असतं, की चालतंय का. समोर ओकेसाहेब, त्यांच्या बाजूला ताई. ताईने मला बघून मान खाली घातली. मला वाटलं, सहानुभूतीने.

मी सकाळी आल्या आल्या प्रयोगशाळेच्या आणि औषधभांडाराच्या सर्व्हरवर एकेक कनेक्शन जोडून गप्प ठेवलं होतं. आता दोन्ही पडद्यावर दाखवली.

"ही दोन सारखी कनेक्शनं आहेत," मी म्हणाले. "दोन्ही सकाळपासून निवांत. आईची स्क्रिप्ट फक्त ह्या डावीकडच्या पोर्टवर चालू आहे, प्रयोगशाळेच्या. उजवीकडच्यावर ती कधीच नव्हती. अहवालाप्रमाणे डावीकडचं तुटायला हवं. सर, कोणताही शब्द सांगा."

"शब्द?"

"कोणताही."

"लवकर," अधीक्षक म्हणाले.

मी डावीकडे 'लवकर' टाइप केलं. पलीकडच्या खिडकीत 'लवकर' उमटलं. उजवीकडे टाइप केलं. पलीकडे काही नाही. आम्ही सगळे त्या रिकाम्या खिडकीकडे बघत राहिलो. अधीक्षकांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला. खिडकी रिकामीच.

"हे काहीतरी तात्पुरतं असेल," ओकेसाहेब म्हणाले. "पोर्ट उघडा आहे का बघा."

"उघडा आहे." मी नवं कनेक्शन जोडून दाखवलं, लगेच लागलं. "आता पुन्हा जुन्यावर." पुन्हा काही नाही. "नव्याला कोणी अडवत नाही. गप्प बसलेल्याला बाहेर काढलं जातं. तासाभरानं. आधी डावीकडेही हेच व्हायचं. ते आता होत नाही, कारण तिथलं घड्याळ कोणीतरी वाढवलंय."

"आम्ही काहीही बदललेलं नाही. मी जबाबदारीनं सांगतो."

"मी बदललं," ताई म्हणाली.

ती इतक्या हळू बोलली की अधीक्षकांनी "काय?" विचारलं.

"वेळमर्यादा मी बदलली. गुरुवारी संध्याकाळी. बाई येऊन गेल्या ना, त्यानंतर. त्यांचं बरोबर होतं म्हणून. साहेबांना विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, म्हणून विचारलं नाही. सकाळी बाईंना सांगणार होते." ती टेबलाच्या कडेकडे बघत होती. "मग सकाळी ते कळलं. मग अहवाल झाला. मग मला भीती वाटली."

म्हणजे आम्ही चपलेचे टाके बघत उभ्या होतो, तेव्हा आई जिंकलेली होती. ते न कळताच ती झोपली. आणि हे माहीत असलेली बाई तो अहवाल पुढे जाताना गप्प बसली होती. मला ताईची दया यायला हवी होती. आली नाही. नंतर कधी येईल तेव्हा येईल.

ओकेसाहेब सावरले, सावरणं हीच त्यांची विद्या. "मग झालं तर! प्रश्न सुटला. व्यक्तिगत काही नको. आपण असं लिहू या, की 'दोन्ही विभागांतील समन्वयाच्या अभावामुळे'…"

"छान," अधीक्षक घड्याळाकडे बघून म्हणाले. मग माझ्याकडे वळले, आवाज मऊ करून. "चालेल ना तुम्हाला? आईविषयीच्या तुमच्या भावना मी समजू शकतो."

घरी मी कधी आवाज चढवला नाही. ते खातं आईकडे होतं. आताही चढवला नाही.

"नाही चालणार," मी म्हणाले. "समन्वयाचा अभाव नव्हता. ती रोज फोन करत होती, जिने चढून वर येत होती, पाहुण्याची नि दरवानाची गोष्ट करून सांगत होती. ह्याहून जास्त समन्वय काय असतो? तुम्हाला कारण माहीत होतं साहेब. तुम्ही ते ऐकून हसला होता. मग ती मेली, आणि तुम्ही ते तिच्या माथी मारलंत. कारण फायरवॉलची वेळमर्यादा, असं लिहा. शोधलं कोणी, ते लिहा. दिवंगत कर्मचारी नाही, तिचं नाव. आणि जितक्या वॉर्डांना पहिला कागद जाणार होता, तितक्या वॉर्डांना हा जाऊ दे."

अधीक्षकांनी पेन उचललं. माझं काम झालं होतं, लॅपटॉप मिटून उठता आलं असतं. पण मी तो उघडाच ठेवला.

"आणखी एक. हे लिहू नका, फक्त ऐका," मी म्हणाले. "ह्या इमारतीत हे काम तिच्याइतकं कोणाला येत नव्हतं. मलाही नाही. मला दुसरीकडे चांगल्या नोकऱ्या मिळत होत्या. मी इथे आले, ते तिच्या शेजारी बसून काम करायला मिळावं म्हणून. तिला मी हे कधी सांगितलं नाही."